दम घ्या, मग वाचा!

दोस्तांनो, आधी एक गंमत करू या. खालची ओळ मोठ्याने वाचा. अडखळायचं नाही हं!

कालआम्हीमामाकडेगेलोमामीनेपुरणपोळ्याकेल्याहोत्यात्याखाऊनआम्हीमैदानावरगेलोतरधोधोपाऊसआलामगकायसगळेभिजतघरी

काय झालं? दम लागला ना? मामा कुठे संपला आणि मामी कुठे सुरू झाली, तेच कळेना!

अगदी कबड्डीसारखं झालं की नाही? चढाईला गेलेला खेळाडू एकाच श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहतो. मध्ये श्वास घ्यायचा नाही! मैदानावर यात मजा येते. पण विचार करा, अख्खं पुस्तकच असं एका दमात वाचायचं असेल तर?

आता ऐका खरी गोष्ट. एके काळी पुस्तकं अशीच असायची!

हो, अगदी खरं! आज इंग्रजीच्या तासाला तुम्ही स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह शिकता ना? 'कॉमा कुठे द्यायचा?' म्हणून पेन्सिल चावत बसता ना? यातलं एकही चिन्ह तेव्हा नव्हतं. आणि पुस्तकं वाचायला सोपी कुणी केली, हे कळलं की तुम्ही खूशच व्हाल. पण ते लगेच नाही सांगणार. आधी प्राचीन ग्रीस आणि रोममध्ये चक्कर मारू या.

तीन ठिपके, तीन थांबे

ग्रीक आणि रोमन लोक खूप हुशार होते. त्यांनी नाटकं लिहिली, गणितं मांडली, मोठमोठे ग्रंथ लिहिले. पण लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडायची त्यांना सवयच नव्हती! अक्षराला अक्षर चिकटलेलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच लांबलचक आगगाडी!

मग वाचायचे कसे? मोठ्याने! अक्षरं उच्चारत जायची, कानाने शब्द ओळखायचे. लोकांसमोर वाचायचं असेल तर आधी घरी सराव करायचा.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया नावाचं शहर आहे. तिथे तेव्हा एक जगप्रसिद्ध ग्रंथालय होतं. साधारण २२०० वर्षांपूर्वी त्या ग्रंथालयाचे प्रमुख होते ॲरिस्टोफेनिस. त्यांना एक भन्नाट कल्पना सुचली. वाचणाऱ्याला दम कुठे घ्यायचा ते दाखवायचं! कशाने? फक्त एका ठिपक्याने!

ठिपका एकच, पण जागा तीन. ओळीच्या तळाशी, मधोमध किंवा अगदी वर. ठिपका ज्या उंचीवर, त्याप्रमाणे थांबा लहान किंवा मोठा.

आता ओळखा पाहू, सर्वांत मोठा थांबा कुठल्या ठिपक्याचा असेल? वाक्य संपलं, आता पूर्ण थांबा, असं सांगणारा ठिपका?

तळाचा म्हणालात ना? चूक! तो होता सर्वांत वरचा! आज इंग्रजी वाक्याच्या शेवटी जो ठिपका ओळीच्या तळाशी बसतो ना, त्याचं काम तेव्हा डोक्यावरचा ठिपका करायचा.

मग सगळ्यांनी ही युक्ती उचलून धरली असेल, हो ना? नाही! रोमन लोकांनी तर उलटंच केलं. ते आधी दोन शब्दांच्या मध्ये एक छोटा ठिपका द्यायचे. पुढे त्यांनी तोही सोडून दिला आणि सगळी अक्षरं पुन्हा चिकटली!

पण सगळेच मोठ्याने वाचायचे असं नाही हं! चौथ्या शतकात इटलीत अँब्रोझ नावाचे एक धर्मगुरू होते. ते पुस्तक वाचताना त्यांचे डोळे ओळींवरून फिरायचे, पण जीभ गप्प! म्हणजे ते मनातल्या मनात वाचायचे. ऑगस्टिन नावाच्या विद्वानाने हे पाहिलं आणि मुद्दाम लिहून ठेवलं. तुम्ही रोज करता ते साधं मनातलं वाचन, त्याची तेव्हा अशी नोंद झाली!

शब्दांमध्ये जागा कुणी सोडली?

आता येते खरी मजा. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची पद्धत कुणी रुजवली असेल? एखाद्या राजाने? मोठ्या पंडिताने? चला, ओळखा!

नाही जमलं? मग ऐका. ती रुजवली परकी भाषा शिकणाऱ्यांनी! अगदी तुमच्यासारख्या!

झालं असं. युरोपच्या एका टोकाला आयर्लंड नावाचं हिरवंगार बेट आहे. सातव्या-आठव्या शतकात तिथल्या मठांमध्ये साधू राहायचे. ते हाताने ग्रंथ लिहून काढायचे. ग्रंथ कुठल्या भाषेत? लॅटिनमध्ये. पण त्यांची आईची भाषा होती आयरिश! रोमन लोकांनी आयर्लंडवर कधी राज्यच केलं नव्हतं. त्यामुळे घरात, बाजारात, अंगणात लॅटिन कानावर पडायचंच नाही. ती भाषा फक्त पुस्तकातून शिकायची.

रोममधल्या मुलाला चिकटलेल्या अक्षरांतूनही शब्द ओळखू यायचे. ती भाषा त्याच्या कानात मुरलेली होती ना! आयर्लंडमधल्या शिकणाऱ्याचं मात्र डोकंच फिरायचं. एक शब्द कुठे संपला? दुसरा कुठे सुरू झाला? काही पत्ता नाही!

मग त्यांनी काय केलं? प्रत्येक शब्दानंतर थोडी जागा सोडली. बस्स! इतकं साधं! पण त्या रिकाम्या जागेने जग बदललं. शब्द डोळ्यांना सुटे सुटे दिसू लागले. मोठ्याने न वाचताही अर्थ लागू लागला. ही पद्धत हळूहळू सगळ्या युरोपात पसरली.

कळलं ना? ज्यांना ती भाषा अवघड वाटत होती, त्यांनीच ती सगळ्यांसाठी सोपी केली! इंग्रजी वाचताना तुम्ही अडखळता ना? मग तुम्ही त्या आयरिश मंडळींचेच सोबती!

आवाज चढला, चिन्हही चढलं!

'तू येतोस.' आणि 'तू येतोस?' दोन्ही मोठ्याने म्हणा. शब्द तेच, पण दुसऱ्या वेळी आवाज शेवटी वर चढला! हो ना?

हा चढ कागदावर कसा दाखवायचा? सुमारे १२०० वर्षांपूर्वी युरोपात शार्लमेन नावाचा सम्राट होता. त्याच्या काळातल्या ग्रंथांमध्ये एक नवं चिन्ह दिसू लागलं. खाली ठिपका आणि त्याच्यावर उजवीकडे चढत जाणारी नागमोडी रेघ. जणू आवाजाचं चित्रच! तेच आजच्या प्रश्नचिन्हाचं जुनं रूप.

आणि सगळ्या जगात प्रश्नचिन्ह सारखंच असतं असं वाटतं का तुम्हांला? छे! ग्रीक भाषेत प्रश्नाच्या शेवटी जे चिन्ह देतात, ते दिसतं आपल्या अर्धविरामासारखं! वर ठिपका, खाली स्वल्पविराम. आणि स्पॅनिशमध्ये? तिथे प्रश्नाला दोन चिन्हं! शेवटी सरळ आणि सुरुवातीलाच एक उलटं! स्पेनच्या भाषा अकादमीने १७५४ मध्ये हा नियम आणला. म्हणजे वाचणाऱ्याला आधीच कळतं, 'तयार राहा, प्रश्न येतोय!' आहे की नाही छान सोय?

इंग्रजीतही एकदा एक जादाचं प्रश्नचिन्ह आलं होतं. सोळाव्या शतकात लंडनमध्ये हेन्री डेनम नावाचा मुद्रक होता. उत्तर नको असलेल्या प्रश्नांसाठी त्याने आरशात पाहिल्यासारखं उलटं प्रश्नचिन्ह छापलं. 'मी काय वेडा आहे?' असं आपण म्हणतो ना, तसल्या प्रश्नांसाठी! पण ते फार काळ टिकलं नाही.

जाता जाता परीक्षेसाठी एक गुपित. 'व्हेअर इज माय बॅट' हा सरळ प्रश्न, म्हणून शेवटी प्रश्नचिन्ह. पण 'आय आस्क्ड हिम व्हेअर माय बॅट वॉज' यात आपण प्रश्न विचारत नाही. प्रश्न विचारला होता, एवढंच सांगतो. म्हणून शेवटी साधा पूर्णविराम! दुसऱ्या वाक्यात 'वॉज' शेवटी गेलं, तेही बघून ठेवा हं.

एवढासा स्वल्पविराम, केवढी त्याची ताकद!

आता चला इटलीतल्या व्हेनिस शहरात. रस्त्यांऐवजी कालवे असलेलं शहर! पंधराव्या शतकाच्या शेवटी तिथे आल्डस मॅन्युशियस यांचा छापखाना होता. त्याआधी छोट्या थांब्यासाठी बरेच जण एक तिरकी रेघ मारायचे. आल्डस यांच्या छापखान्यात ती रेघ खाली उतरली, छोटी झाली, जराशी वाकली. झाला आपला स्वल्पविराम!

अर्धविरामही पहिल्यांदा त्यांनीच छापला. आणि कुठल्या पुस्तकात माहीत आहे? एटना नावाच्या ज्वालामुखीवर चढण्याबद्दलच्या पुस्तकात! काय थाटात एंट्री घेतली पठ्ठ्याने!

हा अर्धविराम काय करतो? दोन पूर्ण वाक्यं असतात, पण त्यांची घट्ट मैत्री असते. त्यांना वेगळं करवत नाही. 'इट इज रेनिंग' हे एक वाक्य. 'वी विल प्ले इनसाइड' हे दुसरं. मध्ये अर्धविराम दिला की दोघं शेजारी शेजारी बसतात. अशा दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम देऊ नका. तेवढा दम पुरत नाही!

पण स्वल्पविरामाला कमी समजू नका हं! हे बघा:

आंबे खाऊ नका, ठेवू.

आंबे खाऊ, नका ठेवू.

शब्द तेच, क्रमही तोच. एवढासा स्वल्पविराम इकडचा तिकडे सरकला आणि आंब्यांचं नशीबच पालटलं! पहिल्या वाक्यात आंबे फडताळात. दुसऱ्यात थेट पोटात!

आता इंग्रजीत बघू. क्रिकेटचा सामना चालू आहे. 'द बॅट्समन सेज द अंपायर इज आउट.' अर्थ काय? फलंदाज म्हणतो, अंपायर आउट! अरेच्चा, अंपायर कसा आउट होईल? आता दोन स्वल्पविराम द्या. एक 'बॅट्समन'नंतर, एक 'अंपायर'नंतर. झालं! आता अंपायर सांगतोय, फलंदाज आउट! एका शब्दालाही हात न लावता सामन्याचा निकाल फिरला.

आणि ही तर खरी घडलेली गोष्ट! अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे. तिथे ओकहर्स्ट नावाची दूध डेअरी होती. गाड्या चालवून माल पोचवणारे ड्रायव्हर म्हणाले, 'आम्ही जादा तास काम केलं, त्याचा जादा पगार द्या.' डेअरी म्हणाली, 'नाही! कायद्यात अशा कामांची यादी आहे. त्यांना जादा पगार द्यावा लागत नाही.'

आता ती यादी बघा. तिच्यात डबाबंद करणं, गोठवणं, वाळवणं, साठवणं अशी बरीच कामं होती. आणि शेवटी होतं, 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन.' गंमत म्हणजे 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता!

मग अर्थ काय लावायचा? 'पाठवण्यासाठी किंवा वाटण्यासाठी बांधाबांध करणं' हे एकच काम? की बांधाबांध हे एक काम आणि वाटणं हे दुसरं? ड्रायव्हर तर फक्त वाटायचे, बांधाबांध करायचेच नाहीत!

खटला कोर्टात गेला. २०१७ मध्ये न्यायाधीश म्हणाले, अर्थ स्पष्ट नाही, म्हणून ड्रायव्हरांची बाजू धरायची. पुढच्या वर्षी समझोता झाला. रक्कम किती, सांगा पाहू? ५० लाख डॉलर! एका न दिलेल्या स्वल्पविरामापायी!

यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी येणाऱ्या या स्वल्पविरामाला 'ऑक्सफर्ड कॉमा' म्हणतात. काही जण तो देतात, काही देत नाहीत. दोन्ही चालतं. पण अर्थाचा गोंधळ होणार असेल, तर द्यायचाच! डेअरीची गोष्ट लक्षात ठेवा.

पळालेल्या अक्षराची जागा

इंग्रजी शब्दाच्या खांद्यावर कधी कधी एक छोटा स्वल्पविराम लटकतो. त्याचं नाव ॲपॉस्ट्रॉफी. तो तिथे काय करतो?

'डू नॉट' पटकन म्हणा. 'डोन्ट' झालं ना? लिहिताना 'नॉट'मधलं 'ओ' हे अक्षर पळून गेलं. ते जिथे होतं, तिथे ॲपॉस्ट्रॉफी उभा राहतो. 'इथे कुणीतरी होतं बरं का!' असं सांगतो.

आणि आपल्याकडेही याचा एक भाऊ आहे! तुम्ही 'सोऽहम्' हा शब्द पाहिलाय? त्यातलं ते 'ऽ' चिन्ह? त्याला अवग्रह म्हणतात. 'सः' आणि 'अहम्' एकत्र आले, त्यात 'अ' गळला. गळलेल्या 'अ'ची जागा अवग्रहाने धरली. संस्कृत आणि इंग्रजी, दोन्हीकडे एकच युक्ती!

मग 'मीनाज बुक' लिहिताना ॲपॉस्ट्रॉफी कशाला? तिथे कुठलं अक्षर पळालं? पळालंय, पण शेकडो वर्षांपूर्वी! जुन्या इंग्रजीत 'अमक्याचं' असं सांगायला कितीतरी शब्दांच्या शेवटी 'ई' आणि 'एस' ही अक्षरं यायची. पुढे 'ई' गळलं आणि फक्त 'एस' राहिलं. त्या 'ई'ची आठवण म्हणजे हा ॲपॉस्ट्रॉफी!

आता सर्वांत जास्त चकवणारा शब्द. 'इट्स'! याच्यात ॲपॉस्ट्रॉफी द्यायचा की नाही? सोपी परीक्षा आहे. त्याच्या जागी 'इट इज' म्हणून बघा. 'इट्स हॉट' म्हणजे 'इट इज हॉट.' जमलं! ॲपॉस्ट्रॉफी द्या. 'द डॉग वॅग्ज इट्स टेल' म्हणजे 'इट इज टेल'? छे, कुत्रा शेपूट कसा असेल! इथे 'त्याची' असा अर्थ आहे, म्हणून ॲपॉस्ट्रॉफी नाही. 'हिज' आणि 'हर' यांना तरी कुठे असतो?

अरे वा!

आणि हे बघा, माझं लाडकं चिन्ह! उद्गारचिन्ह! या लेखात किती आलीत, मोजा बरं!

याची एक गंमत सांगते. संगणक यायच्या आधी टाइपरायटर असायचे. कळ दाबली की कागदावर अक्षर उमटायचं. पण कितीतरी टाइपरायटरवर उद्गारचिन्हाची कळच नव्हती! मग 'अरे वा!' कसं लिहायचं? आधी ॲपॉस्ट्रॉफी छापायचा. एक पाऊल मागे यायचं. मग त्याच्याच खाली पूर्णविराम छापायचा. वर रेघ, खाली ठिपका. झालं उद्गारचिन्ह तयार! एका आनंदासाठी तीन कळा!

आणि आपली मराठी?

ही चिन्हं मराठीत कशी आली?

जुन्या काळी आपल्याकडे कागदपत्रं मोडी लिपीत लिहायचे. शिवरायांच्या काळातली, पेशवाईतली असंख्य पत्रं मोडीत आहेत. लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढायचा आणि तिला अक्षरं लटकवत सरसर पुढे जायचा. शब्दांमध्ये जागा नाही. स्वल्पविराम नाही. प्रश्नचिन्ह नाही. वर वाचलेल्या पुरणपोळीच्या ओळीसारखंच! म्हणून आजही मोडी शिकताना शब्द तोडणं हा मोठा अभ्यास असतो.

श्लोक-ओव्यांमध्ये मात्र उभे दंड असायचे. एक दंड, दोन दंड. थांबायची तेवढी खूण होती.

मग एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तकं आली. त्या काळात मेजर थॉमस कँडी नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं मोठं श्रेय त्यांना दिलं जातं. 'विरामचिन्हांची परिभाषा' असं पुस्तकही त्यांनी लिहिलं. मोल्सवर्थ यांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये निघाला, त्याच्या कामातही त्यांचा हात होता.

आता सांगा, कँडी कोण होते? इंग्लंडहून आलेले, मराठी शिकलेले! म्हणजे पुन्हा तेच! परकी भाषा शिकणाऱ्या माणसानेच ती वाचायला सोपी केली. आयरिश साधूंनी लॅटिनला जागा दिली, कँडींनी मराठीला थांबे दिले.

आता तुमची पाळी!

तुमच्या इंग्रजीच्या पुस्तकातला एखादा अवघड धडा काढा. पेन्सिल घ्या. मोठ्याने वाचा. जिथे दम घ्यावासा वाटेल, तिथे ॲरिस्टोफेनिससारखा एक ठिपका द्या. छोटा थांबा असेल तर खाली, मोठा असेल तर वर.

मग ताडून बघा. तुमचा ठिपका आणि पुस्तकातलं चिन्ह एकाच जागी आलं का? आलं तर शाब्बास! नाही आलं तर आणखी मजा! तिथेच थांबा आणि विचार करा, 'इथे चिन्ह का दिलं असेल? ते काढलं तर अर्थ बदलेल का?' बाईंना विचारा, दादाला विचारा, ताईशी भांडा!

एक मात्र लक्षात ठेवा. ही चिन्हं तुम्हांला वहीत लाल गोल मिळावेत म्हणून जन्मली नाहीत. 'माझ्यानंतर वाचणाऱ्याला दम लागू नये' असं कुणाला तरी मनापासून वाटलं, म्हणून ती जन्मली. तुम्ही लिहिताना स्वल्पविराम देता, तेव्हा तुम्हीही तेच करत असता. पुढच्या वाचणाऱ्याला म्हणत असता, 'ये दोस्ता, इथे जरा श्वास घे!'